थकलेला कर, सोडलेला कर: अभय योजनांच्या न्याय्यतेचा आढावा

सवलतीची मुदत संपत आली की पुण्यात घरपट्टी भरणाऱ्यांची घाई सुरू होते. त्या मुदतीत वर्षाचा कर एकदम भरला तर सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सवलत मिळते. म्हणून कोणी रांगेत उभा राहतो, कोणी मोबाइलवरून पैसे भरून पावती जपून ठेवतो. ज्यांनी भरला नाही, त्यांच्या बिलावर दरमहा २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के शास्ती चढत जाते. काही वर्षांत शास्ती मूळ करालाही मागे टाकते आणि वसुली अडून बसते. मग राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या महापालिकेची जाहिरात येते: अमुक तारखेपर्यंत थकबाकी भरा, शास्तीचा मोठा भाग माफ. ती जाहिरात वाचताना नियमित भरणाऱ्याला वाटते, मी वेळेवर भरले ते चुकले का?

हा प्रश्न घरपट्टीपुरता नाही. विक्रीकर, मूल्यवर्धित कर, मुद्रांक शुल्क, सेवाकर, आयकर, वस्तू व सेवा कर अशा जवळजवळ प्रत्येक कराच्या थकबाकीत राज्याने किंवा केंद्राने कधी ना कधी तडजोड केली आहे. अशा तडजोडीला आपल्याकडे ‘अभय योजना’ हे नाव रुळले आहे. देणे असलेल्या रकमेपेक्षा कमी घेऊन सरकारने हिशेब मिटवावा, हे न्याय्य आहे का? या वादाची पार्श्वभूमी, त्यातल्या मुख्य भूमिका, हाती असलेला पुरावा आणि न सुटलेले मुद्दे या लेखात क्रमाने मांडले आहेत.

आधी शब्द नीट लावून घेऊ. एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, लपवलेले उत्पन्न स्वतःहून उघड करणाऱ्याला संरक्षण देणे. दुसरी, सरकारला ठाऊक असलेल्या, नोंदलेल्या थकबाकीवर तडजोड करणे. या लेखाचा रोख दुसऱ्या प्रकारावर आहे. मात्र भारतातला वाद पहिल्या प्रकारावरून सुरू झाला, त्यामुळे त्यालाही बगल देता येत नाही. शिवाय थकबाकीची रक्कमही एकजिनसी नसते. तिच्यात मूळ कर असतो, उशिराबद्दलचे व्याज असते आणि शिक्षा म्हणून लावलेली शास्ती असते. यातले काय सोडले, यावर न्यायाचा प्रश्न बदलत जातो.

पार्श्वभूमी: कौलापासून खेड्यापर्यंत

सरकारी देणे सोडून देण्याची रीत आपल्या भागात फार जुनी आहे. मराठेशाहीत युद्ध किंवा दुष्काळाने रयत परागंदा झाली की तिला परत आणण्यासाठी कौल दिला जाई. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला इस्ताव्याने, म्हणजे पहिली काही वर्षे कमी आणि पुढे चढत्या दराने, सारा लावला जाई. त्यामागे दया होती आणि हिशेबही होता. ओसाड गावाकडून काहीच वसूल होत नाही, वसलेल्या गावाकडून पुढे सारा मिळतो.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात ‘तहकुबी’ आणि ‘सूट’ यांत फरक केला गेला. तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणे, सूट म्हणजे ती सोडून देणे. दोन्हींचा आधार आणेवारी, म्हणजे पिकाचा आण्यांत मांडलेला अंदाज. खेडा जिल्ह्यात १९१७-१८च्या हंगामात अतिवृष्टीने पीक बुडाले. पीक चार आण्यांहून कमी आले तर त्या वर्षाची वसुली तहकूब करायची असा नियम होता. पीक चार आण्यांच्या वर आहे असे अधिकारी म्हणत, खाली आहे असे शेतकरी म्हणत. गांधीजींच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. ज्यांची ऐपत होती त्यांनीही, गरिबांवर दडपण येऊ नये म्हणून, सारा रोखून धरला. अखेर जून १९१८मध्ये तोडगा निघाला: ऐपतदारांनी भरावे, गरिबांची वसुली तहकूब राहावी. पण या शेवटाने गांधीजींचे समाधान झाले नाही. गरीब कोण हे ठरवण्याचा हक्क लोकांना प्रत्यक्षात बजावता आला नाही, अशी खंत त्यांनी आत्मकथेत नोंदवली आहे. आजच्या वादाचा गाभा तिथेच दिसतो. ज्याला भरता येत नाही आणि ज्याला भरायचे नाही, या दोघांत फरक कसा करायचा, आणि तो कोणी करायचा?

स्वातंत्र्यानंतर: घोषणा, समाधान, विश्वास

स्वतंत्र भारतातली पहिली उत्पन्न-घोषणा योजना १९५१ची. तेव्हा चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते आणि महसूल खाते सांभाळणाऱ्या महावीर त्यागी यांच्या नावाने ती ओळखली गेली. १९६५मध्ये आणि आणीबाणीत १९७५मध्ये पुन्हा योजना आल्या. यातल्या १९७५च्या योजनेआधी, डिसेंबर १९७१मध्ये, प्रत्यक्ष करांची चौकशी करणाऱ्या वांछू समितीने आपल्या अहवालात अशा योजनांना स्पष्ट विरोध केला होता. त्यांमुळे प्रामाणिक करदात्याचे मनोबल खचते आणि कर यंत्रणेवरचा विश्वास उडतो, असे समितीचे मत होते. मात्र याच समितीने वाद मिटवण्यासाठी कायमस्वरूपी मंडळ असावे, असेही सुचवले. त्यातून १९७६मध्ये आयकर समझोता आयोग सुरू झाला. तो २०२१मध्ये बंद करण्यात आला.

१९९७च्या स्वेच्छा घोषणा योजनेत सुमारे ३३ हजार कोटी रुपये उघड झाले. व्यक्तींसाठी कर ३० टक्के होता, पण जुने दागिने १९८७च्या भावाने दाखवण्याची मुभा असल्यामुळे प्रत्यक्ष भार त्याहून बराच कमी पडला. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या योजनेवर प्रामाणिक करदात्यांची फसवणूक अशा अर्थाचे कठोर शब्द वापरले. पुढच्याच वर्षी, १९९८मध्ये, कर विवाद समाधान योजना आली. इथून रोख बदलला. लपवलेल्या पैशाऐवजी अपिलात अडकलेली मागणी केंद्रस्थानी आली. २०१९च्या ‘सबका विश्वास’ योजनेत उत्पादन शुल्क आणि सेवाकराच्या वादांत ५० लाखांपर्यंतच्या रकमेवर ७० टक्के आणि त्यापुढे ५० टक्के मूळ कर सोडला गेला. व्याज आणि दंड पूर्ण माफ झाले. २०२०ची ‘विवाद से विश्वास’ योजना मात्र वेगळ्या तत्त्वावर उभी होती. साधारण प्रकरणात मूळ कर पूर्ण भरा, व्याज व दंड माफ. त्या वेळी प्रत्यक्ष करांची ४ लाख ८३ हजार अपिले वेगवेगळ्या स्तरांवर पडून होती. २०२४मध्ये याच योजनेची दुसरी आवृत्ती आली. वस्तू व सेवा कराच्या २०१७-१८ ते २०१९-२० या पहिल्या तीन वर्षांसाठीही मूळ कर भरल्यास व्याज व दंड सोडण्याची तरतूद झाली. लबाडीची प्रकरणे तिच्यातून वगळली होती.

त्याच वर्षीच्या अंतरिम अर्थसंकल्पात आणखी एक निर्णय झाला. २००९-१० पर्यंतच्या २५ हजार रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १० हजारांपर्यंतच्या आयकर मागण्या सरकारने स्वतःहून काढून टाकल्या. त्यातल्या काही १९६२पासूनच्या होत्या. या निर्णयावर जवळजवळ कोणी आक्षेप घेतला नाही. जुन्या, किरकोळ आणि कागदपत्रे हरवलेल्या देण्यांबाबत समाजात मतभेद फारसा नाही, एवढे यातून कळते. वाद त्याच्या पुढे सुरू होतो.

महाराष्ट्रातली रचना

राज्यात विक्रीकराच्या थकबाकीसाठी २०१६, २०१९, २०२२ आणि २०२३ अशा चार वेळा तडजोडीचे कायदे झाले. त्यांची चौकट समजून घेतल्याशिवाय न्याय-अन्यायाची चर्चा हवेत राहते.

२०२२च्या योजनेत १० हजार रुपयांपर्यंतची थकबाकी पूर्ण सोडली गेली. १० लाखांपर्यंतच्या थकबाकीदाराला एकूण रकमेच्या २० टक्के एकरकमी भरून मोकळे होता येत होते. त्यापुढे कराचे दोन भाग केले होते. निर्विवाद कर पूर्ण भरायचा. विवादित कर १ एप्रिल २००५ नंतरच्या काळासाठी ५० टक्के, व्याज १५ टक्के आणि शास्ती ५ टक्के. २०२३मध्ये सूट आणखी रुंदावली. वर्षाला २ लाखांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ झाली आणि ५० लाखांपर्यंत २० टक्के भरण्याची मुभा मिळाली. दोन्ही योजना वस्तू व सेवा कर लागू होण्यापूर्वीच्या, म्हणजे ३० जून २०१७पर्यंतच्या, देण्यांसाठी होत्या.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या व्यापाऱ्यावर दहा वर्षांपूर्वीचा १ लाख रुपयांचा विवादित कर आहे. दरमहा सव्वा टक्का व्याज धरले तर दहा वर्षांत ते दीड लाख होते. शास्ती २५ हजार. एकूण देणे २ लाख ७५ हजार. २०२२च्या टक्केवारीने त्याला ५० हजार कर, २२ हजार ५०० व्याज आणि १ हजार २५० शास्ती, असे ७३ हजार ७५० रुपये भरावे लागतात. एकरकमी २० टक्क्यांचा मार्ग घेतला तर फक्त ५५ हजार. आता हाच कर निर्विवाद असून पहिला मार्ग धरला, तर भरणा १ लाख २३ हजार ७५० रुपये होतो. मूळ कर पूर्ण वसूल झाला असे दिसते. पण शेजारच्या व्यापाऱ्याने तेच १ लाख रुपये वेळेवर भरण्यासाठी बँकेकडून ८ टक्के चक्रवाढ दराने घेतले असते, तर दहा वर्षांत त्याला सुमारे २ लाख १६ हजार पडले असते. व्याज सोडणे ही किरकोळ सवलत आहे, असे म्हणताना हा फरक डोळ्यांसमोर असावा. काळ हासुद्धा पैसा असतो.

ही थकबाकी येते कुठून, हेही पाहिले पाहिजे. सगळी थकबाकी बुडवेगिरीतून येत नाही. दुसऱ्या राज्यात सवलतीच्या दराने माल विकला आणि खरेदीदाराने त्या सवलतीसाठी लागणारा ‘सी फॉर्म’ पाठवलाच नाही, तर पूर्ण दराचा फरक विक्रेत्याच्या डोक्यावर बसे. पुरवठादाराने ग्राहकाकडून घेतलेला कर सरकारजमा केला नाही, तर खरेदीदाराची वजावट नाकारली जाई. महालक्ष्मी कॉटन प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१२मध्ये ही तरतूद वैध ठरवली. कायद्याने ते देणे खरेच होते. पण ज्याने आपला कर मालाच्या किमतीसोबत मोजून दिला होता, त्याला तोच कर दुसऱ्यांदा भरावा लागला, हेही तितकेच खरे आहे.

तडजोडीच्या बाजूने

पहिली भूमिका व्यवहाराची आहे. कागदावरची थकबाकी म्हणजे तिजोरीतला पैसा नव्हे. आयकराच्या थकबाकीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम वसुलीस कठीण म्हणून खात्यानेच वर्गीकृत केल्याचे महालेखापरीक्षकांच्या अहवालांत आले आहे. पेढी बंद पडलेली, भागीदार पांगलेले, मालमत्ता बँकेकडे गहाण, अशा स्थितीत पूर्ण रकमेचा आग्रह धरणे म्हणजे काहीच न मिळण्याचा आग्रह धरणे होय. त्यात अपिले चालवण्यावर होणारा खर्च आणि अधिकाऱ्यांचा वेळ जातो. तोच वेळ चालू कर तपासण्यात लागला तर महसूल वाढेल, असे या बाजूचे म्हणणे आहे.

दुसरी भूमिका न्यायाचीच आहे. विवादित मागणी हे सिद्ध झालेले कर्ज नसते. निम्मी शक्यता सरकार हरण्याची असेल, तर निम्म्या रकमेवर मिटवणे ही सवलत कशी? ती अनिश्चिततेची वाटणी झाली. व्याजाच्या दरातही असमतोल आहे. आयकरात करदात्याने उशीर केला तर महिना १ टक्का व्याज लागते, सरकारने परतावा उशिरा दिला तर महिना अर्धा टक्का मिळते. अपील दहा वर्षे चालले तर त्या विलंबात खात्याचा आणि न्यायाधिकरणांचाही वाटा असतो, पण व्याज एकट्या करदात्यावर चढते. त्यामुळे व्याज व शास्ती सोडणे म्हणजे व्यवस्थेने आपल्या दिरंगाईची भरपाई करणे होय, असे अनेक कर सल्लागार मानतात.

तिसरी भूमिका माणुसकीची. बँक खाते गोठवले, सातबारावर बोजा चढला की छोट्या व्यावसायिकाला नवे कर्ज मिळत नाही, धंदा उभा राहत नाही आणि तो रोखीच्या, नोंद नसलेल्या व्यवहारांकडे ढकलला जातो. त्याला पुन्हा नोंदीत आणणे समाजाच्याही हिताचे आहे. कौलाचा जुना तर्क इथे पुन्हा भेटतो.

तडजोडीच्या विरोधात

विरोधाचा पहिला आधार समता. एकाच बाजारातल्या दोन दुकानदारांपैकी एकाने कर वेळेवर भरला, म्हणजे तेवढे भांडवल कमी करून धंदा केला. दुसऱ्याने तो पैसा धंद्यात फिरवला आणि दहा वर्षांनी काही अंशच भरला. सरकारने दुसऱ्याला नुसती माफी दिली नाही, स्पर्धेत त्याला बिनव्याजी भांडवल दिले. हा तोटा पहिल्या दुकानदाराला कोणी भरून देत नाही.

दुसरा आधार अपेक्षेचा. एक योजना आली की पुढची येणार, हे लोक धरून चालतात. मग आज भरण्यापेक्षा थांबणे शहाणपणाचे ठरते. ‘ही शेवटची संधी’ असे दर वेळी सांगितल्याने त्या शब्दांचे वजन जाते. राज्यात आठ वर्षांत चार योजना आल्या आणि प्रत्येक पुढची योजना मागचीहून उदार झाली असेल, तर आधीच्या योजनेत पैसे भरलेला थकबाकीदारसुद्धा फसल्यासारखा होतो.

तिसरा आधार नागरिकत्वाचा. कर ही केवळ देवाणघेवाण नसून सामूहिक कर्तव्य आहे. पगारदाराचा कर पगारातूनच कापला जातो, त्याला थकवण्याची सोयच नाही. त्यामुळे सवलतीचा लाभ ज्यांना थकवता येते त्यांच्यापुरताच राहतो. अशी भावना पसरली की कायदा पाळण्याची स्वेच्छा कमी होते, आणि ही हानी कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

यातल्या अपेक्षेच्या आक्षेपाला समर्थकांचे एक उत्तर आहे: जुने कायदेच बंद झाले, त्यामुळे विक्रीकराची थकबाकी पुन्हा साठण्याचा प्रश्न नाही. प्रत्युत्तरही तयार आहे: कायद्याचे नाव बदलले, करदाता तोच आहे. नव्या कराच्या पहिल्या तीन वर्षांसाठीही सवलत आली, हे विरोधक त्याचा दाखला म्हणून देतात.

न्यायालये काय म्हणतात

राज्यघटनेच्या २६५व्या अनुच्छेदानुसार कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता किंवा वसूल करता येत नाही. कायद्याने लागलेला कर एखाद्या अधिकाऱ्याला आपल्या मर्जीने सोडताही येत नाही. तो हप्ते बांधून देऊ शकतो, काही अटींवर व्याज वा दंड कमी होऊ शकतो, पण मूळ करावर तडजोड करायला विधिमंडळाचा कायदा लागतो. म्हणून आपल्याकडे तडजोड माणसागणिक न होता योजनेच्या रूपात, सर्वांना एका फूटपट्टीने, होते.

अशा योजनांना १४व्या अनुच्छेदाखाली, समतेच्या मुद्द्यावर, आव्हान दिले गेले. १९८१मध्ये विशेष धारक रोख्यांच्या कायद्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. काळा पैसा या रोख्यांत गुंतवला तर त्याचा माग विचारायचा नाही, अशी ती तरतूद होती. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या बहुमताच्या निकालाने कायदा वैध ठरवला. आर्थिक धोरणात सरकारला मोकळीक असावी आणि नैतिकदृष्ट्या खटकणारा कायदा तेवढ्याने घटनाबाह्य होत नाही, असा त्याचा आशय होता. न्यायमूर्ती ए. सी. गुप्ता यांनी मात्र वेगळे मत दिले. प्रामाणिक करदात्याच्या तुलनेत कर चुकवणाऱ्याला झुकते माप देणारे हे वर्गीकरण त्यांना मान्य नव्हते. २०११मध्ये नीतदीप टेक्स्टाइल प्रकरणात १९९८च्या समाधान योजनेची मुदतरेषाही सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली.

कायद्याच्या पातळीवर प्रश्न बराचसा मिटला आहे. न्याय्यतेच्या पातळीवर तो मिटलेला नाही. सरकारला हे करण्याचा अधिकार आहे, एवढेच न्यायालयांनी सांगितले. ते करावे की नाही, हा प्रश्न विधिमंडळावर आणि मतदारांवर सोडला.

पुरावा किती

अर्थशास्त्रज्ञांनी या विषयावर बरेच काम केले आहे. अमेरिकेत जेम्स आल्म आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत असे दिसले की नुसत्या माफीनंतर कर भरण्याचे प्रमाण घसरते. माफीबरोबर तपासणी कडक केली तर मात्र ते सुधारू शकते. भारतातील १९६५नंतरच्या घोषणा योजनांचा अभ्यास अरिंदम दासगुप्ता आणि दिलीप मुखर्जी यांनी १९९०च्या दशकात केला. १९७५ची योजना सोडली तर महसुलावर ठळक अनुकूल परिणाम त्यांना आढळला नाही. त्या एका योजनेमागे आणीबाणीचा धाक होता, हे विसरता येत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २००८च्या एका अभ्यासाचा निष्कर्षही सावध आहे: यशस्वी माफी हा अपवाद असतो आणि तिची जाहीर होणारी कमाई तिच्या खऱ्या लाभाहून मोठी दिसते.

पण हे संशोधन वाचताना एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. त्यातले बहुतेक लपवलेल्या उत्पन्नाच्या घोषणेबद्दल आहे. नोंदलेल्या थकबाकीवरची तडजोड वेगळी असते, कारण तिथे माणूस सरकारला माहीत असतो आणि प्रश्न वसुलीचा असतो. ‘सी फॉर्म’ न मिळालेल्या व्यापाऱ्याला काळा पैसा लपवणाऱ्याच्या अभ्यासावरून जोखणे योग्य नाही. उलट, एका योजनेत किती कोटी जमा झाले हा आकडा सांगून तिला यशस्वी ठरवणेही अपुरे आहे. ते कोटी योजना नसती तर कधीच आले नसते का, आणि पुढच्या वर्षीच्या भरण्यावर काय परिणाम झाला, हे प्रश्न उरतातच.

इतर देशांतले मार्ग

अमेरिकेत माणसागणिक तडजोडीची कायम सोय आहे. तीन कारणांवर करदाता कमी रकमेचा प्रस्ताव देऊ शकतो: देणे लागते का याची शंका, वसूल होईल का याची शंका, किंवा वसुली केल्यास विशेष अन्याय होईल अशी परिस्थिती. दुसऱ्या कारणात मालमत्ता, उत्पन्न आणि जगण्याचा वाजवी खर्च यांचा सविस्तर तक्ता मागवतात आणि त्याच्याकडून खरोखर किती वसूल होऊ शकते ते काढतात. प्रस्ताव मान्य झाल्यावर पाच वर्षे विवरणपत्रे आणि कर वेळेवर भरावे लागतात, नाहीतर जुने देणे पुन्हा उभे राहते. मान्य झालेल्या तडजोडी लोकांना पाहता येतात. दोषही आहेत. प्रक्रिया किचकट आहे, आणि ‘तुमचे देणे चवलीवर मिटवून देतो’ अशी जाहिरात करणाऱ्या दलालांविरुद्ध खात्याला वरचेवर सावध करावे लागते.

ब्रिटनमध्ये वाद मोठ्या कंपन्यांवरून पेटला. २०१०मध्ये गोल्डमन सॅक्सशी झालेल्या तडजोडीत व्याज सोडले गेले आणि ‘गोडीगुलाबीचे सौदे’ अशी टीका झाली. २०१३मध्ये उच्च न्यायालयाने ती तडजोड बेकायदा नसल्याचा निकाल दिला. पण त्याआधीच, २०१२मध्ये, मोठ्या तडजोडींवर देखरेख करणारा आयुक्त नेमला गेला होता. इटलीने वरचेवर सरसकट माफ्या दिल्या. तिथली मूल्यवर्धित कराची २००२ची माफी युरोपीय न्यायालयाने २००८मध्ये संघाच्या नियमांविरुद्ध ठरवली, कारण तिने तपासणीचा अधिकारच सरसकट सोडून दिला होता.

या तुलनेतून दोन टोके दिसतात. माणूस पाहून तडजोड केली तर ऐपतीचा न्याय होतो, पण अधिकाऱ्याच्या हाती मोठी मर्जी येते आणि तिचा गैरवापर होऊ शकतो. सर्वांना एकच टक्केवारी लावली तर मर्जी संपते, पण ऐपतही दृष्टीआड होते. भारताने दुसरे टोक निवडले. त्यामागे भ्रष्टाचाराची रास्त भीती आहे.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न ऐपतीचा. राज्याच्या योजना रकमेच्या आकारावरून लहान-मोठा ठरवतात. पण लहान थकबाकी असलेला माणूस गरीब असेलच असे नाही, आणि मोठी थकबाकी असलेली पेढी श्रीमंत उरलेली असेलच असेही नाही. दिवाळखोरी संहितेने २०१६पासून कंपन्यांसाठी एक वाट काढली आहे. मंजूर आराखड्यात न बसलेले सरकारी देणेसुद्धा संपते, असे सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम मिश्रा प्रकरणात २०२१मध्ये स्पष्ट केले. एकट्या मालकीच्या छोट्या धंद्याला तशी पूर्ण वाट अजून खुली झालेली नाही. म्हणजे मोठ्याला कायमचा मार्ग आहे, लहानाला पुढच्या अभय योजनेची वाट पाहावी लागते. याचे उत्तर दोन्ही बाजूंकडे नाही.

दुसरा प्रश्न वादाच्या गुणवत्तेचा. सर्व विवादित करावर ५० टक्के म्हणजे भक्कम अपील आणि केवळ वेळ काढण्यासाठी केलेले अपील यांना एकच भाव. समझोता आयोगासारखे कायम मंडळ प्रकरणनिहाय पाहू शकत असे. तेही बंद झाले. त्याची जागा कशाने भरायची?

तिसरा प्रश्न नियमित भरणाऱ्याचा. कर्जमाफीच्या बाबतीत महाराष्ट्राने एक पाऊल टाकले. २०१९च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत थकबाकीदारांना २ लाखांपर्यंत कर्जमुक्ती मिळाली, आणि नियमित फेडणाऱ्या शेतकऱ्यांना ५० हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन अनुदान जाहीर झाले. वेळेवर फेडणारा हाही या व्यवहारातला पक्ष आहे, हे सरकारने तिथे मान्य केले. करांच्या अभय योजनांत त्या पक्षाला अजून जागा नाही. प्रत्येक नियमित करदात्याला पैसे देणे परवडणार नाही, हे उघड आहे. पण परतावा लवकर देणे, तपासणीचा ससेमिरा कमी करणे, परताव्यावर वसुलीइतकेच व्याज देणे, या मार्गांवर पुरेशी चर्चाही झालेली नाही.

चौथा प्रश्न माहितीचा. कोणत्या प्रकारच्या थकबाकीदाराने किती लाभ घेतला, त्यातले किती पुढे नियमित झाले, किती जण आधीच्याही योजनेत होते, याचा हिशेब योजनेगणिक लोकांसमोर आला तर दोन्ही बाजूंचे बरेच दावे तपासता येतील. नावे न सांगताही हे करता येते.

समारोप

दोन्ही बाजूंचे म्हणणे शेजारी ठेवले की मतभेद वाटतो त्याहून अरुंद निघतो. किरकोळ आणि जुनी देणी काढून टाकावीत, लबाडीला सवलत नसावी, यावर सहमती आहे. व्याज व शास्ती सोडण्याला विरोध कमी आहे, मूळ कर सोडण्याला जास्त. खरी तेढ उरते ती निर्विवाद कर आणि भरण्याची ऐपत असलेल्या माणसाबद्दल. त्याला सोडणे न्याय्य आहे असे उघडपणे कोणीच म्हणत नाही. पण सरसकट टक्केवारीच्या योजनेत तो इतरांच्या गर्दीतून सुटतो, आणि त्याच्याकडे बोट दाखवून खरोखर अडलेल्या माणसाची सवलत नाकारली जाते. दोन्हीकडून नुकसान होते ते ज्यांच्याकडे वकील नाही आणि वेळही नाही, अशांचे.

टक्केवारी किती असावी यावर आपण खूप वेळ घालवतो. खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांपुढचा प्रश्न त्याआधीचा होता: कोणाला भरता येत नाही, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे? शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. आणेवारीची पैसेवारी झाली आणि पिकाचा अंदाज घेण्याची काहीएक जाहीर पद्धत बसली. माणसाच्या ऐपतीचा तसाच जाहीर, तपासता येण्याजोगा अंदाज घेण्याची पद्धत करांच्या थकबाकीसाठी अजून बसलेली नाही. ती बसेपर्यंत प्रत्येक अभय योजना काहींना न्याय देईल आणि काहींवर अन्याय करेल, आणि त्यातले कोण कोणत्या बाजूला पडले हे आपल्याला कळणारही नाही.